गोरोबाकाका : हाताला चिखल, मुखी नाम

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात झालेल्या सेवेचे शब्द, बोलले तसे उतरवून घेतलेले)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. पहिली दिंडी निघाली तेव्हा हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेव्हापासून पताका काही खाली ठेवली नाही. मंडळी म्हणाली, महाराज, शंभरीच्या सोहळ्यात कुणा एका कष्टकरी माणसाचं आयुष्य सांगा. आम्ही म्हणलं, त्यासाठी लांब कशाला जायचं? धाराशिवपासून सहा-सात कोसावर तेरणेच्या काठाला तेर गाव आहे. तिथं एक कुंभार राहत होता. त्याचंच सांगतो.

आमचं शिक्षण चौथी. त्यापुढं नांगर आणि टाळ, दोनच मास्तर. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची आशा ठेवू नका. गुरूंच्या तोंडून जे ऐकलं, तेरला जाऊन डोळ्यांनी जे बघितलं, आणि कुंभाराच्या दारात बसून जे कळलं, तेवढंच तुमच्यापुढं ठेवतो.

संत म्हणून गोरोबाकाकांना सगळे ओळखतात. लेकराची गोष्ट, हात तोडल्याची गोष्ट, सगळ्यांना पाठ आहे. आज आम्हाला धंद्यातले काका सांगायचे आहेत. ज्यांच्या दारात आवा पेटत होता, ज्यांच्याकडं गावच्या बाया घागर बोटानं वाजवून घेत होत्या आणि पटली नाही तर परत ठेवत होत्या, ते काका. कारण आमचं म्हणणं असं आहे की काकांची भक्ती समजायची असेल, तर आधी काकांचा धंदा समजला पाहिजे. चाक सोडून काका समजत नाहीत.

आधी गाव बघा. तेर आज लहान दिसतं, पण लई जुनं गाव. त्याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी माणसानं बुक लिहिलं, त्यात पैठणाच्या जोडीनं तगराचं नाव आहे. तगराचं कापड गाड्यांत भरून पार भडोचच्या बंदरापर्यंत जायचं आणि तिथून समुद्रापार, असं त्यात लिहिलं आहे. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडलेल्या जुन्या वस्तू एक एक करून जमवल्या. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तेरात आहे. जाल तेव्हा अर्धा तास काढून बघा. मातीच्या बाहुल्या, मातीची भांडी, मणी, दिवे. आम्ही त्या काचेपुढं उभे राहिलो तेव्हा मनात आलं, हे सगळं कुणाच्या हातचं? कुंभाराच्या. सातवाहन राजे गेले, त्यांचे वाडे गेले, आणि कुंभारानं भाजलेलं खापर राहिलं.

तेरची वीट तर प्रसिद्धच आहे. जुन्या देवळांची वीट, पाण्यात टाकली तर तरंगते. मातीत भुसा मिसळायचा, भट्टीत भुसा जळून जातो, आत बारीक बारीक पोकळी राहते आणि वीट हलकी होते. बघा, कसं डोकं चाललं असेल! मातीचं असं ज्ञान ज्या गावच्या हातात हजार-बाराशे वर्षं मुरलं, त्या गावात काका जन्मले.

काकांचा जन्म इसवी सन 1267 चा मानतात. ज्ञानोबा माउली 1275 च्या, नामदेवराय 1270 चे. म्हणजे सगळ्या संतमेळ्यात हे वयानं वडील. म्हणून माउलीपासून मुक्ताबाईपर्यंत सगळे त्यांना काका म्हणायचे. शके 1239, म्हणजे 1317 साली, चैत्र वद्य त्रयोदशीला काका समाधिस्थ झाले. माउलींची कार्तिक वद्य त्रयोदशी, काकांची चैत्र वद्य त्रयोदशी. पन्नास वर्षांचं आयुष्य. आणि कसल्या काळात? 1296 साली माउलींनी आळंदीत समाधी घेतली, त्याच साली अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरीवर चाल केली. काकांच्या डोळ्यादेखत यादवांचं राज्य मोडत गेलं. राजा बदलला, फौजा आल्या आणि गेल्या. पण बाईला सकाळी पाण्याला जायला घागर लागतेच. काकांचं चाक फिरत राहिलं.

आता तो धंदा काय असतो ते सांगतो. हल्लीच्या पोरांनी चाक फिरताना बघितलेलं नाही, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

मडकं चाकावर होतं असं आपल्याला वाटतं. चाकावरचं काम सगळ्यात थोडं. आधी माती आणायची. कुठलीही माती चालत नाही. नुसती चिकण माती घेतली तर वाळताना तडकते, नुसती भुसभुशीत घेतली तर आकार धरत नाही. तळ्याचा, ओढ्याचा गाळ बघून घ्यायचा. ती वाळवायची, कुटायची, चाळायची. त्यात राख नाहीतर घोड्याची लीद मिसळायची. मग भिजत घालायची. आणि मग तुडवायची. मायबाप, हे तुडवणं लई महत्त्वाचं आहे. एक खडा राहिला, एक हवेचा फुगा राहिला, तर आव्यात मडकं फुटतं, आणि फुटताना शेजारची दोन घेऊन फुटतं. म्हणून तास तास पायानं चिखल मळायचा. टाचेनं दाबायचा, उलटायचा, परत दाबायचा. शेतकऱ्याला वाटतं आपलाच धंदा कष्टाचा. एकदा कुंभाराचा चिखल तुडवून बघा, पोटऱ्या भरून येतात.

मग गोळा चाकावर. काठीनं चाकाला वेग द्यायचा आणि ते फिरतंय तोवर आकार द्यायचा. दोऱ्यानं कापून खाली घ्यायचं. पण हे मडकं जाड असतं, लहान असतं. थोडं सुकलं की आत दगडाचा गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं थापटत थापटत ते वाढवायचं, पातळ करायचं. एका मडक्याला किती थापा, त्याची मोजदाद नाही. मग सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर चीर पडते. मग गेरू लावायचा, आवा रचायचा. खाली गोवऱ्या, काटक्या, मध्ये मडकी, वर पाचट आणि राख. आग धरायची ती मंद. एकदम भडकली तर सगळं गेलं. पंधरा दिवसांचे कष्ट एका रात्रीच्या आगीच्या स्वाधीन करायचे, आणि सकाळी राख बाजूला सारून बघायचं काय राहिलं. आभाळ आलं, पाऊस पडला, तर शेतकऱ्यासारखाच कुंभारही डोक्याला हात लावून बसतो.

एवढं करून मोल काय? आमच्या लहानपणी गावात बलुतं होतं. कुंभारमामा वर्षभर गावाला मडकी पुरवायचे आणि सुगीला खळ्यावर यायचे. सुपाएवढी ज्वारी, चार पेंढ्या कडबा. पीक बुडालं तर कुंभाराचं बलुतंही बुडालं. पण त्यांच्यावाचून गावाचं पान हलत नव्हतं. संक्रांतीला सुगडं, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, लग्नाला वाजतगाजत आणलेली मडकी. पाण्याचा रांजण, दुधाचं गाडगं, धान्याची उतरंड. आणि शेवटी माणूस जातो तेव्हा खांद्यावरून फुटतं तेही कुंभाराचंच मडकं. जन्मापासून मसणवट्यापर्यंत कुंभार आपल्या बरोबर असतो.

तर मायबाप, असे काका. आणि चिखल तुडवताना मुखात नाम. कामाला नामाची संगत होती. जात्यावर बाई ओवी म्हणते ना, तसंच. टाच पडते तसा ठेका, ठेक्यावर नाम. देवासाठी त्यांनी वेगळा वेळ मागितला नाही. जो वेळ कामाचा, तोच देवाचा.

आता ती कथा. महिपतीबाबांनी 1762 साली भक्तविजय ग्रंथ पुरा केला, त्यात ती आली आहे, आणि घराघरात सांगितली जाते. काका चिखल तुडवत होते. संतीबाई पाण्याला निघाली. लेकरू अंगणात रांगत होतं, त्याच्याकडं बघा असं सांगून ती गेली. काका नामात रंगलेले, डोळे मिटलेले. लेकरू रांगत रांगत बापाकडं आलं, चिखलात आलं आणि पायाखाली आलं. काकांना कळलं नाही. संतीबाई घागर घेऊन आली आणि तिनं बघितलं, चिखलाचा रंग बदललेला.

कीर्तनात इथं लोक डोळे पुसतात, आणि कीर्तनकार म्हणतो, बघा, काय ही तल्लीनता! आम्हीही गुरूंच्या तोंडून तसंच ऐकलं. तल्लीनता मोठीच आहे, त्यात वाद नाही. पण या कथेला एक आई आहे.

1993 सालची गोष्ट सांगतो. 30 सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून माणसं झोपली होती, तेव्हा भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर, त्या पट्ट्यातली गावंच्या गावं दगडामातीच्या भिंतींखाली गेली. आम्ही तेव्हा तिशीत होतो. पत्र्याच्या शेडात माणसं राहत होती, तिथं काही महिन्यांनी भजन-कीर्तनं सुरू झाली. मनाला आधार म्हणून आम्हीही एका शेडात सेवा केली आणि ही कथा लावली. शेवटी कथेतलं लेकरू रांगत आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे उठले, एक बाई बसूनच राहिली. जवळ आली आणि म्हणाली, "महाराज, काकांचं आलं. माझी दोन गेली. मी काय कमी नाव घेतलं व्हय देवाचं?"

मायबाप, त्या प्रश्नाला उत्तर नसतं. दुःखात बसलेल्या माउलीला उत्तर द्यायचंही नसतं. तिच्याजवळ खाली बसायचं असतं. आम्ही बसलो. बराच वेळ बसलो. मग तीच उठली, म्हणाली, "येते महाराज, चुलीवर भाकरी टाकायच्या आहेत."

त्या माउलीनं ही कथा आम्हाला नव्यानं वाचायला लावली. तेव्हापासून आम्ही ती जशी सांगतो, तशी तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. लेकरू चिखलात का आलं? घरात दुसरं माणूस नव्हतं म्हणून. नवरा कामात, बायको पाण्याला, आणि कामाची जागा तीच लेकराची जागा. हे कष्टकऱ्याचं घर आहे. सातशे वर्षं झाली, आजही तेच आहे. आपल्या भागातली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. पहाटे फडात कोयता चालतो, आणि लेकरू पाचटावर झोपवलेलं असतं. बैलगाडी येते, ट्रॅक्टर येतो. आईचं मन अर्धं कोयत्यावर, अर्धं लेकरावर. ज्यांनी तो संसार केला त्यांना काकांची कथा चमत्कार म्हणून समजावून सांगावी लागत नाही. त्यांच्या पोटात ती आधीच कळलेली असते.

दुसरी गोष्ट. संतीबाई रागावली, बोलू नये ते बोलली, देवालाही बोलली. कथेनं तिला पापीण म्हणलेलं नाही. आईचा राग खरा आहे. आणि काका काय म्हणून बसले? ते साधू होते म्हणून शांत राहिले असं सांगू नका. भजनात भंग झाला म्हणून ते उठले, काठी घेऊन बायकोला मारायला धावले, अशीच कथा आहे. तेव्हा ती म्हणाली, मला हात लावाल तर तुम्हाला विठोबाची आण आहे. आणि काठी तिथंच खाली पडली.

इथं आम्हाला काकांचं मोठेपण दिसतं. उचललेली काठी बाईच्या एका शब्दासरशी खाली ठेवणं. आज कितीजण ठेवतील? गळ्यात माळ घालून घरी हात उगारणारे नाहीत का आपल्यात? नाव घेत नाही कुणाचं. ज्यानं त्यानं आपल्या घरचा उंबरा आठवावा. विठोबाची आण ऐकली की हात खाली आला पाहिजे. माळेचा अर्थ तेवढा तरी आहे.

तिसरी गोष्ट, दिलेला शब्द. राग सगळ्यांचा जातो, काकांचा आणि संतीबाईचाही गेला. पण आण गेली नाही. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, काकांनी तिला बोट लावलं नाही. संतीबाईनं वंश चालावा म्हणून धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचं लग्न लावलं. सासऱ्यानं सांगितलं, दोघींना सारखं वागवा, विठोबाची आण आहे. सासरा बोलला एका अर्थानं, काकांनी घेतलं धंद्यातल्या माणसाच्या अर्थानं. सारखं म्हणजे सारखं. थोरलीला हात लावत नाही, तर धाकटीलाही नाही. वजनाच्या काट्यासारखं सरळ. पुढं एका रात्री त्या दोघींनी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग आली तसं काका म्हणाले, हातांनी आण मोडली. आणि हात तोडून टाकले.

हे आम्ही कुणाला करायला सांगत नाही. ती थोरांची कथा आहे, अर्थ घ्यायचा, कृती नाही. पण कुंभारानं हात तोडणं म्हणजे काय, ते ध्यानात घ्या. हात हेच त्याचं भांडवल. शेतकऱ्यानं रान विकावं, तसं. शब्दापायी काकांनी धंदा दिला, पोट दिलं.

आणि मग देव आला. इथं नीट ऐका. देव टाळ घेऊन आला नाही, वीणा घेऊन आला नाही. पंढरीनाथ विठू कुंभार होऊन तेरात आला, आणि काकांच्या घरी चाकरीला राहिला. रखुमाईही आली. गरुडाचं गाढव झालं आणि त्याच्या पाठीवर माती वाहिली, असं सांगतात. देवानं गाळ आणला, चाळला, तुडवला, चाक फिरवलं, आवा लावला, आणि मडकी विकली. काकांचं उत्पन्न बुडू दिलं नाही. ज्यांना वाटतं की कष्टाचं काम हलकं आणि देवपूजेचं काम भारी, त्यांनी सांगावं, वैकुंठीचा राणा चिखलात का उतरला? भक्ताचं अडलेलं काम पुरं करणं ही देवाला पूजाच वाटली, म्हणून उतरला.

पुढं पंढरपुरात नामदेवरायांच्या कीर्तनात सगळ्यांनी हात वर केले, टाळी वाजवली. काकांनीही तुटके हात वर केले आणि त्यांना हात फुटले. संतीबाईनं देवापुढं लेकरासाठी टाहो फोडला आणि लेकरू रांगत आलं. देवानंच दोघांना आणेतून मोकळं केलं. अशी ती कथा संपते.

भूकंपातल्या त्या माउलीचं लेकरू काही आलं नाही. सगळ्यांची येत नाहीत, हे आम्ही आता उघड सांगतो. पण संतीबाईकडं बघा. लेकरू गेल्यावरही ती त्या घरात राहिली. नवरा थोटा झाला तेव्हा त्याच्या बरोबर पंढरीची वाट चालली. लेकरू आलं ते शेवटच्या दिवशी. त्याआधी किती वर्षं तिनं रोज सकाळी उठून घागर उचलली असेल? ती वर्षं कथेत दोन ओळींत निघून जातात, जगणाऱ्याला ती दिवसानं काढावी लागतात. भाकरी टाकायला उठलेली ती माउली आम्हाला संतीबाईच वाटते.

आता काकांची दुसरी मोठी गोष्ट, परीक्षेची. संतमेळा बसला होता. तेरकर सांगतात की तो तेरातच, काकांच्या अंगणात बसला. ज्ञानोबा, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव, सगळे. मुक्ताबाईनं थापटणं बघितलं आणि विचारलं, काका, हे कशाला? काका म्हणाले, यानं मडकं पक्कं का कच्चं ते कळतं. मुक्ताबाई म्हणाली, मग आमचीही मडकी तपासा की! काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेवराय कळवळले, रागावले. काका म्हणाले, एवढं मडकं कच्चं आहे.

लोक हसतात. पण यातला धंदा बघा. मडकं दिसायला कसंही असो, कुंभार ते वाजवतो. भाजलेलं असलं तर खणकन वाजतं, कच्चं असलं तर भद्द आवाज येतो. गेरूचा रंग दोन्हींना सारखाच. नामदेवराय म्हणजे देवाचा लाडका, देव ज्याच्या हातचं जेवला तो. त्याच्याविषयी बोलायची कुणाची छाती? पण काकांनी माणूस बघितला नाही, आवाज ऐकला. जन्मभर खरं-खोटं मडकं ओळखणाऱ्या कानाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

आणि सगळ्यांत गोड भाग पुढं आहे. कच्चं म्हणजे वाया गेलेलं नव्हे. भाजलेलं मडकं फुटलं तर त्याचं खापर होतं, परत जोडता येत नाही. कच्च्याला अजून आवा बाकी आहे. नामदेवराय रुसले, पंढरीला गेले, देवाला गाऱ्हाणं सांगितलं. देवानं विसोबा खेचरांकडं पाठवलं. गुरू भेटला, आवा लागला, आणि तेच नामदेवराय पुढं पार पंजाबपर्यंत नाम घेऊन गेले. एका कुंभारानं तोंडावर खरं सांगितलं आणि नामदेवरायांनी शेवटी ते मानलं, म्हणून हे घडलं. सांगणारा मोठा, तसा मानणाराही मोठा.

आपल्या संप्रदायाचं असंच आहे. अरणचे सावता महाराज मळ्यात, नरहरी महाराज सोनारकामात, सेना महाराज नाभिकाच्या धंद्यात, नामदेवराय शिंप्याच्या घरचे, तुकोबाराय वाण्याच्या दुकानातले. कामावरच्या माणसांनी हा संप्रदाय उभा केला. काकांच्या नावावर विसेकच अभंग आहेत. थोडं बोलले, जास्त काम केलं.

आता शेवटी दिंडीला दोन शब्द, मग सेवा पुरी करतो.

आमच्या गावचं कुंभाराचं चाक थांबलं. आधी ॲल्युमिनियम आलं, मग स्टील, मग प्लास्टिक, आता जारचं पाणी. मामांची पोरं शहरात कामाला गेली. कुणाला दोष देत नाही, पोट आहे. पण काकांचा जयजयकार करायचा आणि काकांच्या धंद्याचं एक मडकं घरात आणायचं नाही, हे कसं? आपल्या जिल्ह्यात अजून काही घरांतून चाकं फिरतात. यंदापासून दिंडीच्या प्रत्येक मुक्कामाला पाण्यासाठी रांजण ठेवावे, ते कुंभाराच्या दारातून, रोख पैसे देऊन आणावे. पाणीही थंड राहील आणि मागं बाटल्यांचा ढीगही राहणार नाही.

दुसरं. आपल्या दिंडीत लेकुरवाळ्या बाया चालतात, कीर्तनाला येतात. जिथं आपला मांडव पडेल तिथं एका कोपऱ्यात झोळी बांधा, आणि दोन माणसं लेकरांवर नेमा. त्या दोघांनी टाळ वाजवायचा नाही, डोळे मिटायचे नाहीत, फक्त लेकरं बघायची. हीसुद्धा सेवाच, आणि तिला विणेकऱ्याच्या पहाऱ्याएवढा मान द्या. सगळ्यांना तल्लीन व्हायचं असेल तर कुणीतरी डोळे उघडे ठेवले पाहिजेत. चिखल तुडवताना काकांच्या अंगणात तसं एक माणूस नव्हतं. आपल्या मांडवात ते असावं.

यंदा चैत्र वद्य त्रयोदशीला सगळ्यांनी तेरला या. तेरणेकाठी काळेश्वराजवळ काकांची समाधी आहे, माथा टेका. शंभर वर्षं आपण चाललो ते या कष्टकऱ्यांच्या पायवाटेनंच.

झालेली सेवा गोड मानून घ्या. बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! गोरोबाकाका महाराज की जय!